चार वाजताचे इवाई

माझ्या व्याह्यांइतका हट्टी माणूस अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात झाला नाही. हे मी सांगतो म्हणजे त्याला वजन आहे, कारण त्यांची गाठ पडेपर्यंत तो मान माझ्याकडे होता. भरवेलीच्या खाणीत चौतीस वर्षं मी लाकडाचे टेकू ठोकले. डोक्यावरचा डोंगर ज्यानं तोलून धरला त्याला दोन गोष्टी शिकवायला सहसा कोणी येत नाही. शाळा माझी चौथीपर्यंत, पण घरात शब्द शेवटचा. बायको म्हणायची, "यायले समजावण्यापेक्षा भिताडाले समजावा." ती गेली, मग तेवढंही म्हणणारं कोणी राहिलं नाही. पुढे मुलाचं लग्न झालं, राजेगावकडचे हे गृहस्थ माझ्या सुनेचे वडील म्हणून आमच्या नात्यात आले, आणि भिंतीशी बोलणाऱ्याला काय वाटत असेल ते मला पहिल्यांदा कळलं.

आमच्या बाजूला व्याह्याला इवाई म्हणतात. मी त्यांना इवाई म्हणतो, ते मला इवाई म्हणतात, त्यामुळे अकरा वर्षांत एकमेकांचं नाव घ्यायची पाळीच आली नाही. वनखात्यात होते. सगळी नोकरी बांबूच्या डेपोवर बांबू मोजण्यात गेली आणि मोजता मोजता स्वतःही तसेच झाले: उंच, वाळके, मधे मधे गाठी आणि वरून किंचित वाकलेले. कोणतीही वस्तू हातात घेतली की आधी ती डोळ्यासमोर आडवी धरून सरळ आहे का बघायची, ही त्यांची सवय. लग्नाच्या बैठकीत त्यांनी माझा चष्मा असा बघितला होता. "वाकडा आहे," म्हणाले. मी म्हटलं, "माह्यं नाक वाकडं आहे, चष्मा सरळ आहे." त्यावर ते हसले नाहीत. नाकाकडे बघून मान हलवली.

त्यांच्या हट्टांत पहिला मान पाण्याचा. लेकीच्या सासरचं पाणी बापानं पिऊ नये अशी जुनी रीत. आमच्यात पहिलं मूल झालं की ती सुटते, बाप पाणी पितो आणि मोकळा होतो. नात जन्मली तेव्हा मी स्वतः तांब्या पुढे केला. इवाई म्हणाले, "माह्या बापानं माह्या बहिणीच्या घरी मरेपर्यंत घोट घेतला नाही. मी काई बापाहून मोठा नाही." झालं! जंगलात जीपला टांगतात तसली एक कापडी छागळ त्यांच्याकडे होती. ती पाण्यानं भरून, खांद्याला अडकवून हा माणूस आमच्याकडे यायचा, आल्या आल्या ओसरीच्या खुंटीला ती टांगायचा आणि जाताना घेऊन जायचा. छागळीचं पाणी कापडातून झिरपून थेंब थेंब गळायचं. खुंटीखालच्या फरशीवर त्याचा भाकरीएवढा डाग पडला आहे. मी रोज विचारायचो, "पाणी?" ते रोज म्हणायचे, "आहे." एकदा भर मे महिन्यात छागळीचा टाका उसवला आणि सगळं पाणी वाटेतच सांडलं. घशाला कोरड पडलेली, ओठ पांढरे. तरी हा गृहस्थ माझ्या देखत फाटक उघडून, उन्हात कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत चालत गेला, तिथे तीन गिलास पाणी प्यायला आणि परत आला. मला राग आवरेना. "इवाई, माह्या बोरिंगमधी काय जहर आहे का?" ते मिशी पुसत म्हणाले, "पाण्यात काई नाही, इवाई. जे आहे ते माह्या घशात आहे."

आता ते रोज कशाला यायचे ते सांगतो. रेवासाठी. रेवा माझी नात, आज नऊ वर्षांची आहे. लहानपणापासून तिचं जगाशी काही पटत नव्हतं. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून दिवाणाखाली. फ्रॉकची शिवण टोचते म्हणून कपडे फेकायची. डोक्याला तेल लावू द्यायची नाही, केस विंचरू द्यायची नाही, आणि अंगाला हात लावला की चटका बसल्यासारखी उडायची. मी पडलो खाणीतला माणूस. यंत्रांच्या घरघरीत आवाज चढवून बोलायची सवय, ती रिटायर झाल्यावर कुठे जाते? मी प्रेमानं हाक मारली तरी ती रडायची. "आबा, धीरे बोलो ना," हे तिचं माझ्याशी बोललेलं पहिलं पूर्ण वाक्य. आमच्या खानदानात असं काही नाही, पोरगी लाडावली आहे, असं मी चारचौघांत ठासून सांगायचो. शाळेनं तिला दोनदा परत पाठवलं. तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, इथं नाही जमलं तर मी नागपूरची बदली मागतो. तिथं इलाज आहे." ते गेले तर या घरात मी आणि माझा आवाज, दोघंच राहणार होतो. तेव्हापासून माझी सगळी धडपड पोरगी इथेच राहावी म्हणून.

नागपूरला एक मॅडम अशा मुलांना बघतात. तिकडे मुलगा, सून आणि इवाई गेले. मॅडमनी समजावलं की पोरीत खोट नाही, लाडही नाहीत. बाहेरचं जग तिच्या डोक्यात पोचता पोचता कमी-जास्त होतं. आपल्याला जी कुजबुज वाटते तो तिला भोंगा वाटतो. अंगाला जोर लागेल असं काही रोज करून घ्या, ओढणं, ढकलणं, उचलणं, त्यानं काही मुलं निवतात, म्हणाल्या. ओढायला रबराचा पट्टा दिला. रेवानं त्याचा वास घेतला आणि तो खिडकीतून बाहेर टाकला. दुसऱ्या दिवशी चार वाजता इवाई फाटकात उभे. खांद्यावर छागळ आणि हातात बांबूचं धनुष्य. बैहरकडच्या जंगलात नोकरीला असताना एका म्हाताऱ्या बैगा आदिवासी चौकीदारानं त्यांना धनुष्य करायला आणि ओढायला शिकवलं होतं. "मॅडमनं ओढाले सांगतलं ना," इवाई म्हणाले, "मंग याच्याहून चांगलं ओढाचं काय असते?" मॅडमना नंतर फोनवर व्हिडिओ दाखवला. त्या म्हणाल्या, मोठा माणूस कायम बाजूला असेल आणि नियम कडक असतील तर चालेल, पण हे जादू नाही, धीर धरा. धीर! तो इवायांकडे पोत्यानं होता.

पहिले तीन महिने त्यांनी तिला बाण दिलाच नाही. नुसतं धरायचं, ओढायचं, थांबायचं, आणि हळूहळू दोरी परत आणायची. "धर... ओढ... थांब... श्वास घे... आता आन वापस." हे ते इतक्या सावकाश म्हणायचे की ओसरीत बसल्या बसल्या मलाच डुलकी लागायची. तिला हात लावायचा तर आधी विचारायचे, "हात लावू?" ती "नको" म्हणाली की लावायचे नाहीत. महिनाभर "नको"च होतं. एक दिवस ती म्हणाली, "एक उंगली." त्यांनी एक बोट तिच्या मनगटाखाली धरलं आणि बाकीची चार बोटं मुठीत अशी आवळली की जणू ती पळून जातील. पुढे पुढे त्यांना विचारायची इतकी सवय लागली की फाटकात आडवी बसलेली गाय हटवायच्या आधीही ते तिला विचारायचे, "हात लावू?" गाय काही बोलायची नाही. मग इवाई बिचारे भिंतीला घासून, पोट आत ओढून निघायचे.

आणि शिवणीची गोष्ट. पोरीला शिवण टोचते म्हणतात तर किती टोचते ते आधी बघावं, म्हणून इवायांनी स्वतःच्या सगळ्या कपड्यांच्या शिवणींवर ध्यान द्यायला सुरुवात केली. ध्यान देता देता त्यांनाही त्या टोचायला लागल्या. मग काय, सदरा उलटा! शिवण बाहेर, खिसा आत. रेवानं ते पाहिलं आणि आपला फ्रॉक उलटा करून घातला, आणि त्या दिवसापासून कपडे फेकणं बंद झालं. इथवर मला मान्य. पण वारासिवनीला आमच्या भाच्याचं लग्न, धान गिरणीवाले पाहुणे, सगळे इस्त्रीत, आणि माझे इवाई उलट्या सदऱ्यात हजर. मी कोपऱ्यात ओढून म्हटलं, "इवाई, माह्या इज्जतीचा तरी इचार करा." ते म्हणाले, "पोट्टी आली आहे ना लग्नाले? ती उलटी आणि आपण सुलटे, मंग तिले कसं वाटन?" हाराच्या वेळी एका पाहुण्यानं मला हळूच विचारलं, "भाऊसाहेब, आपके समधीजी की तबीयत ठीक है ना?" मी म्हटलं, "उनके यहाँ ऐसाच रिवाज है." खोटं बोललो. पण तोंडातून निघालं तेव्हा ते मला बरं वाटलं.

बाण मारायची निशाणी मात्र माझी. इवाई कुठूनसे फोमचे तुकडे आणायला निघाले होते. मी म्हटलं, धानाच्या मुलखात तुम्ही फोम काहून आणता? मी शेतकऱ्याचा पोरगा. धान झोडल्यावर उरलेल्या तणसाचा दोर वळला, तो गोल गुंडाळत गेलो, सुतळीनं टाचला आणि बैलगाडीच्या चाकाएवढं तणसाचं चाक तयार केलं. मागच्या आवारात, भिंतीला लावून, वीस पावलांवर उभं केलं. इवायांनी ते डोळे बारीक करून पाहिलं. मी वाट बघत होतो, आता म्हणतील वाकडं आहे. ते म्हणाले, "सरळ आहे." अकरा वर्षांत त्यांनी माझी केलेली एवढीच स्तुती. बाण तणसात शिरला की 'ठप' असा आवाज व्हायचा, मऊ, भरलेला. ज्या पोरीला ताटावर चमचा आपटलेला सहन होत नव्हता, ती त्या 'ठप'ची वाट बघायला लागली. ठप झालं की तिचे खांदे खाली यायचे. मी ते खांदेच बघत बसायचो.

गावात बातमी फिरली. तसल्याच मुलांचे आईबाप यायला लागले. एक पोट्टा दिवसभर कॉलर चावायचा, एक सारखा भिंतीवर जाऊन आदळायचा, एक मुलगी पायात चप्पल ठेवायची नाही. इवायांनी नियम केले. शिट्टी नाही, ओरडणं नाही. लाल गमछा तारेवर असेतो धनुष्याला हात नाही, हिरवा आला की एकेकानं यायचं. बाण काढायला फक्त मोठ्यांनी जायचं. उभं राहायला गवत, पोतं, फळी, ज्याला जे सोसेल ते. आणि टाळ्या बंद! कोणाचा बाण लागला की सगळ्यांनी दोन्ही हात वर करून नुसते हलवायचे. एका आईच्या तोंडून "वा बेटा!" निघालं तर इवायांनी तिला ओठांवर बोट ठेवून फाटकाबाहेर पाच मिनिटं उभं केलं. पहिल्या दिवशी तर मलाच बाहेर काढलं होतं. माझ्या घरातून मला! मी बाहेर उभा राहून भिंतीवरून बघितलं. आत दहाबारा माणसं मुकाट्यानं हात हलवत होती आणि माझी नात मधोमध, उलटा फ्रॉक घालून हसत उभी होती.

पोलिसांनीही इवायांना एकदा अडवलं. राजेगावहून लुनावर येताना पाठीला सहा धनुष्यं बांधलेली. "चाचा, किसको मारने जा रहे हो?" इवाई म्हणाले, "किसीको नहीं साहब. ये चुप बैठने का सामान है." साहेबांनी एक धनुष्य ओढून बघितलं, दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा डोळे मिटून ओढलं आणि "जाओ" म्हणाले. हे इवायांनी सांगितलेलं आहे. माझा अर्धा विश्वास.

मग इवायांनी मला धनुष्य धरायला लावलं. मी नाही म्हणत होतो. सत्तरीला आलेला माणूस पोरांसमोर चुकणार आणि पोरं हात हलवणार, कोणाला आवडेल? पण रेवा बघत होती. मी ओढलं, सोडलं, बाण भिंतीवर. दुसरा शेजाऱ्याच्या पेरूत. रेवा पोट धरून हसली. मग जवळ आली. इतकी जवळ ती कधी येत नव्हती. माझं कोपर खाली लोंबत होतं. तिनं विचारलं, "आबा, हाथ लगाऊँ?" मी मान हलवली. तिनं एक बोट माझ्या कोपराखाली लावलं आणि वर उचललं. "कोहनी ऊपर." त्या बोटाला वजन काय असणार? पण मी आयुष्यभर टेकू ठोकले आहेत. टेकू कशाला म्हणतात ते मला कळतं.

त्या वर्षी ती शाळेत बसायला लागली. मुलानं बदलीचा विषय बाजूला ठेवला. मी मनात म्हटलं, जिंकलो. आणि मग मागचा दसरा आला.

दसऱ्याला हत्यारांची पूजा करायची, हे मी बापाच्या बोटाला धरून शिकलो. खाणीत असतानाही माझी करवत, हातोडा, कुऱ्हाड, सगळ्यांना त्या दिवशी तेल, हळद-कुंकू, झेंडूची माळ. त्या सकाळी मी लवकर उठलो. करवत झाली, हातोडा झाला, मुलाची मोटरसायकल झाली. मग मला वाटलं, आता या घरातलं खरं हत्यार कोणतं? मी रेवाचं धनुष्य काढलं. चांगलं चोपडून तेल लावलं, तेलात कालवून हळद-कुंकू लावलं, जिथे तिचा हात पडतो तिथे सगळ्यात जास्त, कारण तीच मानाची जागा. माळ घातली. हात जोडून म्हटलं, माझ्या नातीला इथेच ठेव.

रेवा उठली आणि रोजच्यासारखी धनुष्याकडे गेली. मुठीत धरलं. मूठ उघडली. तळहात लाल-पिवळा, तेलकट, बोटं एकमेकांना चिकटलेली, आणि माळेतलं गार फूल मनगटावर. ती जे ओरडली ते मला अजून ऐकू येतं. हात भिंतीवर घासत राहिली, सालपट निघेपर्यंत. तीन दिवस दिवाणाखालून बाहेर आली नाही. नंतर आली, पण मागच्या आवाराकडे बघायची नाही. शाळाही सुटली.

त्या दिवशी चार वाजता इवाई आले, छागळ टांगली, सगळं ऐकून घेतलं. मी त्यांना बोलायची संधीच दिली नाही. "सणाच्या दिवशी शस्त्राले कुंकू लावणं गुन्हा आहे का? मी देवाचं केलं. मी माफी काहून मागू?" इवायांनी धनुष्यावरची माळ उतरवून ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही चांगल्यासाठीच केलं, इवाई. पण हात लावाच्या आधी इचाराव लागते." एवढंच. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी पाच मिनिटांत भांडून मोकळा झालो असतो.

पुढचे दिवस त्यांनी ते धनुष्य रिठ्यानं धुतलं, राखेनं घासलं, काचेनं खरवडलं, उन्हात ठेवलं, मुठीवर सुती चिंधी गुंडाळली, सोडली, दुसरी गुंडाळली. रेवा लांबूनच नाक आवळायची. बाकीची मुलं त्यांच्या वेळी येऊन जायची. मग इवाई आणि मी नुसते बसायचो, समोर तणसाचं चाक. चौथ्या का पाचव्या दिवशी मुलानं बदलीचा अर्ज दिला. दिवाळी झाली की जायचं ठरलं. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही पण चला." मी म्हटलं, "आपलं घर सोडून मी येत नाही." कोणी दुसऱ्यांदा विचारलं असतं तर काय म्हणालो असतो, सांगता येत नाही. पण मला एकदाच विचारतात. तशी सवय मीच लावली आहे.

सामानाचा ट्रक लागला त्या दिवशी इवाई सकाळीच आले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चादरीत गुंडाळलेली बांबूची लांब मोळी. खांद्यावरची छागळ रिकामी, चपटी. मी विचारलं, "हे कायचं?" म्हणाले, "मीबी जाऊन राह्यलो, इवाई. पोट्टीले नवं धनुष्य लागन. तिच्या हातानं घडवीन म्हणतो, तिले इचारून इचारून."

"राहाल कुठं?"

"लेकीच्या घरी."

त्यांनी छागळ खुंटीला टांगली, खालच्या डागाकडे पाहिलं आणि म्हणाले, "इवाई, पाणी द्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते म्हणाले, "तिकडं तर प्याच लागन. पण पहिला घोट तिकडं काहून घेऊ? मान तुमचा आहे."

मी आत गेलो. तांब्या घासलेला होता तरी पुन्हा घासला. पाणी भरून आणून दिलं. ते उभ्या उभ्या, वरून धार धरून प्यायले. गळ्याची घाटी वर-खाली होताना मी बघत होतो. अकरा वर्षं मी ज्या गोष्टीसाठी जळलो ती माझ्यासमोर घडत होती, आणि मला ती थांबवावीशी वाटत होती. मला माफी मागायची होती. माझ्या तोंडून निघालं, "अजून देऊ?" इवायांनी माझ्याकडे पाहिलं. "द्या," म्हणाले. आणि दुसरा तांब्याही प्यायले. तहान नव्हती त्यांना. मला दिसत होतं.

रेवा गाडीत बसली होती, कानांवर हात. मी काच ठोठावली नाही, हाक मारली नाही. लांबून दोन्ही हात वर केले आणि हलवले. गाडी वळेपर्यंत तिनं बघितलं.

छागळ खुंटीलाच राहिली. फरशीवरचा डाग आता वाळून पांढरा झाला आहे. बाकीच्या मुलांचे आईबाप आठ-पंधरा दिवस येत राहिले. मी म्हणून बघितलं, "धर... ओढ..." पण माझ्या 'धर'नंच कॉलर चावणारा पोट्टा रडायला लागला. ज्याचं धनुष्य त्याच्या घरी दिलं. आता दुपारी इतकं शांत असतं की रेवाला इथे फार बरं वाटलं असतं.

संक्रांत झाली असेल. चार वाजता फोन वाजला. उचलला, पलीकडे कोणी बोलेना. मी दोनदा हॅलो म्हटलं. कोणीतरी हळूच "श्शू" केलं. आणि मग लांबून, मऊ, भरलेलं: ठप.

मी खाली बसलो. पुन्हा एक ठप. मग इवायांचा आवाज, "ऐकलं का?" आणि फोन बंद.

तेव्हापासून चार वाजता फोन येतो. रेवाला फोनवर बोलणं सोसत नाही, म्हणून कोणी बोलत नाही. इवाई फोन निशाणीजवळ धरतात आणि मी ठप मोजतो. मग एक दिवस ते कुजबुजले, "इवाई, ती इचारते, आबा का ठप कहाँ है?"

मी माझं धनुष्य काढलं. फोन भिंतीवर ठेवला, वीस पावलांवर उभा राहिलो, बाण सोडला. भिंतीवर. दुसराही भिंतीवर. तिकडे ठप काही ऐकू गेलं नसणार. दुसऱ्या दिवशी पंधरा पावलांवरून पाहिलं, मग दहा. सत्तरीचा हात कापतो, आणि तणसाचं चाकही पावसानं एका बाजूला झुकलं आहे. आता ते वाकडं आहे. ते सांगणारं इथे कोणी नाही.

सध्या मी पाच पावलांवर उभा राहतो. भरवेलीत माझ्या हाताखाली काम केलेल्यांनी पाहिलं तर म्हणतील, म्हातारा चाकाला बाण टोचतो आहे. म्हणू देत. पाच पावलांवरून चुकत नाही. ठप होतं, आणि घटकाभरानं तिकडून एक ठप येतं.

पाचच पावलं, नेम धरायचा प्रश्न येत नाही. कोपर मात्र वर ठेवतो.